माळव्याची शेती (सातारा–सांगली)

माळव्याची शेती : बाजारात ताजा विकण्यासाठी पाण्याखालच्या लहान रानात, बहुधा १० ते ४० गुंठ्यांत, वर्षभर आलटूनपालटून भाजीपाला घेण्याची पद्धत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत भाजीपाल्याला सरसकट माळवे म्हणतात. ते पिकवणारे घर बहुतेक वेळा स्वतःच तोडते, स्वतःच पेंड्या (जुड्या) बांधते आणि पुष्कळदा स्वतःच विकते. ऊस, हळद, आले, द्राक्ष यांचे पैसे वर्षाकाठी एकदा हातात पडतात, माळव्याचे दर आठवड्याला येतात. म्हणून भर उसाच्या पट्ट्यातही विहिरीजवळचे पाच-दहा गुंठे माळव्यासाठी राखलेले दिसतात. किराणा, दवाखाना, शाळेची फी हा घरचा वरखर्च त्यातून निघतो.

दोन्ही जिल्ह्यांत रान एकसारखे नाही, त्यामुळे एका तालुक्यातला सल्ला दुसऱ्या तालुक्यात चालेलच असे नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे, तसेच पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागात, पावसाळ्यात उघड्यावर पालेभाजी टिकत नाही. पूर्वेकडच्या माण, खटाव, आटपाडी, जत भागात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी काही गावांत पोहोचले आहे, पण ते आवर्तनाने, म्हणजे ठराविक दिवसांच्या पाळीने येते आणि मेथीचा वाफा आवर्तनाची वाट पाहत नाही. तिथे माळव्याला हाताशी विहीर किंवा शेततळे असावेच लागते. कृष्णाकाठची मळईची (नदीच्या गाळाची) जमीन वांग्याला मानवते. कृष्णाकाठच्या वांग्याचे नाव त्यामुळेच झाले. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहता नदीकडेच्या खालच्या रानात पावसाळ्यात मांडवाचा खर्च घालू नये. दोडका-कारल्याचा मांडव वरच्या अंगालाच बरा. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे जादा पाणी दिल्याने पुष्कळ जमिनी क्षारपड, म्हणजे क्षार साचलेल्या झाल्या आहेत. अशा रानात घेवडा आणि कांदा साथ देत नाहीत, पालक आणि बीट बऱ्यापैकी तग धरतात.

नवखा माणूस आधी पेरतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. माळव्यात हिशोब बाजारच्या दिवसापासून मागे मोजत यावा लागतो. समजा बाजार शनिवारचा आहे. पालेभाजी शुक्रवारी दुपारनंतर उपटायची. मेथी साधारण चार आठवड्यांत निघते, कोथिंबीर थंडीत सहा आठवडे घेते. दर आठवड्याला मेथीचा अर्धा गुंठा पेरला, तर रानात एका वेळी चार टप्पे उभे राहतात आणि पाचवा वाफा भांगलून (तण खुरपून), खत घालून तयार होत असतो. म्हणजे मेथीला अडीच गुंठे लागले. कोथिंबिरीचे सहा टप्पे आणि एक तयारीचा, म्हणजे साडेतीन. एवढ्या सहा गुंठ्यांत प्रत्येक बाजाराला दोन्ही पालेभाज्या निघतात. तेच सहा गुंठे एकाच दिवशी पेरले तर एका आठवड्यात सगळा माल अंगावर येतो आणि पुढचे पाच आठवडे हात रिकामे. माळव्यात तोट्यात गेलेली बरीच घरे भाव पडल्यापेक्षा या एकदम पेरण्याने गेली आहेत. वाफा रिकामा झाला की दोन-तीन दिवसांत त्यात पुढचे बी पडले पाहिजे.

यानंतर सणांचे पंचांग. गौरी आवाहनाला शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य अनेक घरांत असतो, त्यासाठी शेपू चाळीसेक दिवस आधी पेरावी लागते. पितृपंधरवड्यात गवार, भेंडी, कारली, भोपळा, अळू यांना मागणी येते. त्या वेळी भरात यायची तर भेंडी आणि गवार आषाढात टोकलेली हवी. चातुर्मासात काही घरांत वांगे खात नाहीत, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने ते पुन्हा ताटात येते. भोगी बहुतेक १३ किंवा १४ जानेवारीला असते. त्या आठवड्यात वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा हे सगळे एकाच टोपलीत खपते. भोगीला वांग्याचा चांगला तोडा हवा तर सप्टेंबरच्या मध्याला रोप टाकून ऑक्टोबरात लागण करावी. गाजराचे बीही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडावे. भोगी सूर्याच्या संक्रमणावर ठरते म्हणून तिची इंग्रजी तारीख फारशी हलत नाही, पण गौरी-गणपती आणि पितृपक्ष तिथीने येतात. अधिक मास आला की ते पुढे सरकतात, आणि गेल्या वर्षीची तारीख धरून पेरलेली शेपू गौरी येण्याआधीच फुलावर जाते. त्यामुळे बी टाकण्याआधी कालनिर्णय किंवा पंचांग उघडणे हे माळवेवाल्याचे नित्याचे काम आहे.

पिकांची निवड जमिनीइतकीच घरातल्या हातांवर अवलंबून असते. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक दिवस चुकला की शेंग निबर होते आणि व्यापारी ती बाजूला काढतो. शिवाय भेंडीच्या बारीक लवेने हात आणि दंड खाजतात, म्हणून तोडणाऱ्या बायका लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट चढवून आणि हातमोजे किंवा जुने पायमोजे घालून सरीत उतरतात. दोन माणसांच्या घराने दोन-तीन गुंठ्यांपलीकडे भेंडी करू नये. गवारीचा तोडा त्याहून कष्टाचा, कारण शेंग हलकी आणि किलो भरायला वेळ लागतो. गवार सहसा महाग मिळते त्याचे एक कारण हेच. वांगे चार-पाच दिवसांच्या तोड्याने कित्येक महिने चालते, काकडी लवकर सुरू होते आणि लवकर आटोपते. टोमॅटोत पैसा मोठा दिसतो, पण तार, काठी, सुतळी, फवारणी असा खर्चही मोठा आणि भावाची घसरण कुठवर जाईल याचा भरवसा नाही. वीस गुंठेवाल्याने पाच गुंठ्यांपेक्षा जास्त टोमॅटो लावू नये असे अनुभवी शेतकरी सांगतात, ते योग्य आहे.

कोथिंबिरीकडे मात्र बारकाईने पाहावे. धने तसेच पेरले तर उगवण उशिरा आणि विरळ होते. ते चपलेने किंवा लाकडी फळीने हलके रगडून दोन फोडी कराव्यात, बारा तास पाण्यात भिजवावेत आणि ओल्या बारदानात रात्रभर दडपून मग पेरावेत. उन्हाळ्यात उगवण मार खाते, पावसाळ्यात पीक सडते, म्हणून याच दोन हंगामांत पेंडीला भाव चढतो. एप्रिल-मे महिन्यांत मांडवाच्या सावलीत किंवा शेडनेटखाली, आणि पावसाळ्यात पाणी निथळणाऱ्या उंच गादीवाफ्यावर जो कोथिंबीर टिकवतो, त्याला वर्षाची कसर भरून काढता येते. उपटताना वाफा ओलसर असावा, नाहीतर मुळे तुटतात. मुळांची माती पाटात धुवायची, पाल्याला मात्र फार पाणी लावायचे नाही. वाफसा नसलेल्या, चिखलाच्या रानातून उपटलेली पेंडी सकाळपर्यंत पिवळी पडते.

शेणखत चांगले कुजलेले, गुंठ्याला किमान दोन क्विंटल. कच्चे शेण घातले की हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तण दोन्ही येतात. वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा एकाच कुळातले असल्याने एकामागून एक त्याच वाफ्यात घेऊ नयेत. मध्ये घेवडा, मेथी किंवा गवार घ्यावी. मिरची-टोमॅटोभोवती झेंडूच्या ओळी लावल्या तर जमिनीतल्या सूत्रकृमींना (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींना) आळा बसतो, आणि दसऱ्याला फुलेही विकली जातात. शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्री पाण्याची दारे धरायला जाणे साप-विंचवामुळे जोखमीचे आहे, म्हणून पाच-दहा हजार लिटरची टाकी उंचावर बांधून तिच्यावर ठिबक चालवणे छोट्या रानाला परवडते. वीज असेल तेव्हा टाकी भरायची, पाणी सकाळी द्यायचे.

कीड-रोगांत वांग्याची शेंडे व फळे पोखरणारी अळी सर्वांत चिवट. सुकलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडून जाळावा किंवा पुरावा, दहा गुंठ्यांना तीन-चार कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावावेत. भेंडीचा हळद्या रोग पांढरी माशी पसरवते, शिरा पिवळ्या पडलेले झाड लगेच उपटावे. काकडी-दोडक्याच्या फळमाशीला क्यू-ल्यूरचे (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे. अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून १० लिटर द्रावण केले की पाच टक्क्यांचा अर्क होतो. तो कीड दिसू लागताच फवारावा. रासायनिक औषध मारलेच तर डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी आणि काढणी यांमधले दिवस, पाळावा. उद्याच्या बाजारासाठी आज फवारलेली मेथी विकणे हा खाणाऱ्यावर अन्याय आहे, मग शेजारी कोणी काहीही करो.

विक्रीचे दोन मार्ग. माल जास्त असेल तर बाजार समितीत किंवा मुंबई-पुण्याला, शेजाऱ्यांबरोबर भाड्याची गाडी करून. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. तेव्हापासून आवाराबाहेर थेट विकायला आडकाठी नाही, आणि आडत (दलाली) शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, न कापता खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टी हातात आली की वजन, हमाली, तोलाई, भाडे हे आकडे तिथेच वाचावेत. दुसरा मार्ग आठवडे बाजारात स्वतः बसण्याचा. इथे एकाच मालाच्या ढिगापेक्षा सात-आठ प्रकारची थोडी-थोडी भाजी लवकर खपते, कारण गिऱ्हाईक आठवड्याची पिशवी एकाच पाटीपुढे भरून जाते. जागा बदलू नये, पेंडी लहान करू नये. गावातली खानावळ किंवा वसतिगृहाची मेस कायमचे गिऱ्हाईक म्हणून बांधून घेतली तर उरलेल्या मालाचीही सोय लागते.

ज्यांना वेगळे रान काढता येत नाही ते उसात माळवे घेतात. सुरू उसाची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीदरम्यान होते, आणि रुंद सरी असेल तर पहिले तीन महिने वरंबा मोकळाच असतो. तिथे मेथी, कोथिंबीर, कोबी, कांदा किंवा काकडी निघते, उसाच्या बेण्याचा आणि भांगलणीचा बराच खर्च त्यातून फिटतो. आंतरपिकाला वेगळे खत द्यावे लागते, आणि उसाच्या मोठ्या बांधणीआधी (बुडाला मातीची भर देण्याआधी) ते रानातून निघालेले असावे.