मोफत वेगळं, मुक्त वेगळं: चित्रांच्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

अ‍ॅडोबी कंपनीच्या फोटोशॉप, इलस्ट्रेटर या चित्रांच्या प्रोग्रामना पर्याय शोधणारे पूर्वीही होते, पण या शोधाला धार आली ती मे २०१३ पासून. यापुढच्या आवृत्त्या एकदा पैसे भरून कायमच्या मिळणार नाहीत, भाडं भरत राहावं लागेल, असं कंपनीने तेव्हा जाहीर केलं. भाडं थांबलं की प्रोग्राम बंद, मग फाइल तुम्ही स्वतः काढलेल्या चित्राची का असेना. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर छपाईच्या जगात प्रमाण मानल्या जाणाऱ्या एका रंगसंचातले बरेच रंग फोटोशॉपमधून काढले गेले. वेगळे पैसे न भरणाऱ्यांनी जुनी फाइल उघडली, तर त्या रंगांच्या जागी काळा दिसायचा. पूर्ण झालेलं, ग्राहकाने मंजूर केलेलं काम असं बदललेलं दिसणं हा अन्यायच होता.

पर्याय मात्र त्याआधीपासून होते. दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला, फोटोशॉपच्या धर्तीचा गिम्प १९९६ मध्ये लोकांसमोर आला. इलस्ट्रेटरच्या धर्तीचा इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून फुटून निघाला.

खरा घोळ आहे ‘फ्री’ या शब्दाचा. मराठीत मोफत आणि मुक्त असे दोन स्वच्छ शब्द असूनही पर्यायांच्या यादीत दोन्ही प्रकार सर्रास एकत्र येतात. फरक किती मोठा आहे ते ब्लेंडरवरून कळतं. हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्राम १९९८ पासून इंटरनेटवर मोफत मिळत होता, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, तो बनवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात होता. २००२ मध्ये गुंतवणूकदारांनी कंपनी गुंडाळली आणि प्रोग्रामचं कामही थांबलं. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून तो कोड सोडवून घेतला. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त झाला, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येऊ लागला. मोफत तो आधीही होताच.

म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅफिनिटी हा आधी विकत मिळणारा चित्रांचा प्रोग्राम मोफत झाल्याचा आनंद मला अर्धाच वाटतो. प्रोग्राम उत्तम आहे, पण त्यासाठी नव्या मालक कंपनीचं, कॅन्व्हाचं, खातं लागतं आणि कोड बंदच आहे. आज मोफत देण्याचा निर्णय कंपनीचा, उद्या तो बदलण्याचाही तिचाच.

मुक्त प्रकल्पांची चाल संथ, हे खरं. गिम्पमध्ये सावलीचा फिल्टर लावला की तो थराच्या (लेयरच्या) पिक्सेलमध्ये कायमचा मुरायचा. नंतर सावली हलवायची तर अन्डू करत मागे जायचं. मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर थरावर वेगळा राहतो, हवा तेव्हा बदलता येतो. त्यामागचं नवं इंजिन २००० पासून घडत होतं. छपाईसाठी थेट सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत काम करायचं असेल तर मात्र गिम्प अजून अपुरा पडतो. तिथे क्रिता हा दुसरा मुक्त प्रोग्राम घ्यावा.