बडगे जळाले, फोटोही जातील

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. त्यांच्यासोबत महागाई, भ्रष्टाचार, रोगराई अशा त्या-त्या वर्षीच्या दुखण्यांवर बोट ठेवणारे बडगे, म्हणजे पुतळे, असतात आणि मिरवणूक संपली की ते जाळले जातात. त्यामुळे अमुक वर्षी कोणता बडगा होता, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे फोटोच. इंटरनेटवरची अशी जुनी सचित्र वर्णने मी जमवतो. त्यांतल्या बऱ्याच वर्णनांत मजकूर शाबूत आहे. चित्राच्या जागी मात्र राखाडी चौकट.

याचे कारण असे, की पडद्यावर दिसणारे चित्र अनेकदा त्या पानात नसतेच. पानात फक्त त्याचा पत्ता असतो आणि ब्राउझर दर वेळी तिथे जाऊन चित्र आणतो. अल्बममध्ये फोटो चिकटवण्याऐवजी ‘फोटो मामांच्या कपाटात आहे’ अशी चिठ्ठी लावण्यासारखेच हे. सर्व्हरवरची जागा महाग होती तेव्हा लोक फुकट चित्रे ठेवणाऱ्या सेवांकडे गेले. पुढे, २०१७ मध्ये, फोटोबकेटने इतरत्र चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. टायनीपिक २०१९ मध्ये बंद झाली. तर इमगुरने २०२३ मध्ये खाते न उघडता चढवलेली, वापरात नसलेली जुनी चित्रे काढण्याचे जाहीर केले.

पत्ते जिवंत आहेत तोवर चित्रे उतरवून घेणे, हा सरळ उपाय. पण खरी मेख इथेच आहे. चित्र नसेल तर सर्व्हरने ४०४ हा संकेत द्यायला हवा. काही सेवा मात्र ‘चित्र उपलब्ध नाही’ अशी पाटी पाठवतात आणि संकेत देतात २००, म्हणजे ‘सर्व ठीक’. चित्रे उतरवणारा प्रोग्राम ती पाटीच बडगा समजून जपून ठेवतो. म्हणून प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने ६४ अक्षरी ठसा काढावा; सारख्या फाइलींचा ठसा सारखाच येतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी हा ठसा पार बदलतो. तेव्हा चाळीस वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकच ठसा आला, तर ती पाटीच असण्याची शक्यता मोठी, आणि एक फाइल उघडून पाहिली की खात्री पटते. दुसरी खूण याहून सोपी आहे. जेपीईजी फाइलचे पहिले दोन बाइट ‘एफएफ डी८’ असतात. त्याऐवजी सुरुवातीला कोनी कंस (<) दिसला, तर हाती चित्र नसून बहुधा एखादे वेबपान आले आहे.

अशा अनेक सेवा चित्र लहान करतात आणि फोटो काढल्याची तारीख पुसून टाकतात. वर्ष ओळखायला मग शेजारचा मजकूरच उरतो, म्हणून तो आणि मूळ पत्ता, नवे नाव, ठसा हे एकाच तक्त्यात नोंदवावे. एक चित्र मागवल्यावर दुसरे मागवण्याआधी एक-दोन सेकंद थांबावे. आपल्या घाईचा भार दुसऱ्याच्या सर्व्हरवर का टाकायचा?

जे गेले, त्यासाठी इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रतींचा साठा, आहे, २००१ पासून सर्वांना खुले. तिथे पान सापडूनही चित्र नसेल, तर चित्राचाच पत्ता स्वतंत्रपणे टाकून पाहावा. कधी कधी दुसऱ्या तारखेची प्रत निघते. तेही जमले नाही, तर फोटो काढणाऱ्यालाच फोन लावतो आणि नागपूरच्या महाल भागातल्या कोणाच्या तरी कपाटातून जुनी सीडी बाहेर येते का, याची वाट पाहतो.