चिनी चित्रपटांवरील बंदीमागे १९५१ चा एक अग्रलेख

चीनमध्ये चित्रपटांवर सरकारी नजर कम्युनिस्ट राजवटीसोबत आली, हा समज बरोबर नाही. नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने १९३० मध्येच चित्रपट-तपासणीचा कायदा केला होता आणि शांघायमध्ये गर्दी खेचणाऱ्या, चमत्कारांनी भरलेल्या तलवारबाजीच्या चित्रपटांवर अंधश्रद्धा पसरवत असल्याचा ठपका ठेवून बंदी घातली होती. तरीही आजच्या व्यवस्थेचे मूळ शोधायचे असेल, तर कायद्यांपेक्षा १९५१ मधील एका अग्रलेखाकडे पाहिले पाहिजे.

दिग्दर्शक सुन यू यांनी १९५० च्या अखेरीस वू शुन याच्या जीवनावरील चित्रपट पूर्ण केला. भीक मागून जमवलेल्या पैशातून गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणारा हा शांडोंग प्रांतातील एकोणिसाव्या शतकातला माणूस, आणि त्याची भूमिका केली होती झाओ दान या त्या काळच्या अव्वल नटाने. सुरुवातीला वृत्तपत्रांनी चित्रपटाचे भरभरून कौतुक केले. मात्र २० मे १९५१ रोजी पक्षाच्या मुखपत्रात, 'पीपल्स डेली'त, माओ त्सेतुंग यांनी स्वतः लिहिलेला अग्रलेख आला. क्रांती करण्याऐवजी सरंजामदारांपुढे गुडघे टेकणाऱ्या माणसाचा गौरव करणारा चित्रपट आणि त्याची वाहवा करणारे समीक्षक, असे दोघेही त्यात दोषी ठरले. त्यानंतर टीकेची देशव्यापी मोहीम झाली, चित्रपट पडद्यावरून उतरला आणि वू शुनच्या गावी चौकशीसाठी गेलेल्या पथकात माओंच्या पत्नी जिआंग छिंग होत्या. १९५३ पर्यंत खासगी चित्रसंस्था सरकारी संस्थांमध्ये विलीन झाल्या. माझ्या मते या प्रकरणातील खरी हानी एका चित्रपटापुरती नव्हती. काल स्तुतीस पात्र असलेले आज अपराध ठरू शकते, हे प्रत्येक पटकथालेखकाला कळले आणि कात्री पटकथेच्या कागदावरच चालू लागली.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) त्याआधीचे बहुतेक चित्रपट बासनात गेले आणि झाओ दान यांना पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. ऑक्टोबर १९८० मध्ये कर्करोगाने मृत्यू येण्याच्या दोनच दिवस आधी त्याच 'पीपल्स डेली'त त्यांचा लेख छापून आला. कलेच्या बारीकसारीक बाबींत पक्षाने हात घातला, तर साहित्य-कलेला भवितव्य उरणार नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले होते. वू शुन प्रकरणातील टीका एकांगी आणि टोकाची होती, ही कबुली पक्षातील ज्येष्ठांकडून यायला मात्र १९८५ उजाडले.

त्यानंतरच्या पिढीने परदेशी महोत्सवांची वाट धरली. तिआन झुआंगझुआंग यांच्या 'निळा पतंग'ला १९९३ मध्ये टोकियोत सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पन्नाशी-साठीच्या दशकांतील राजकीय मोहिमांनी एका कुटुंबाची केलेली वाताहत दाखवणारा हा चित्रपट चीनमध्ये प्रदर्शित झाला नाही आणि दिग्दर्शकावर चित्रपट करण्यास बंदी आली. त्यांचा पुढचा कथापट २००२ मध्ये आला. लोउ ये यांनी २००६ मध्ये १९८९ च्या तिआनआनमेन चौकातील विद्यार्थी आंदोलनाची पार्श्वभूमी असलेला चित्रपट परवानगीविना कान महोत्सवात नेला, तेव्हा त्यांना पाच वर्षांची बंदी झाली.

आपल्याकडे असते तशी वयानुसार प्रमाणपत्रांची पद्धत चीनमध्ये अजूनही नाही. ड्रॅगनचे चिन्ह असलेला परवाना मिळतो किंवा मिळत नाही, त्यामुळे प्रौढांसाठीचा गंभीर विषयही सर्व वयांना चालेल असाच मांडावा लागतो. मार्च २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार परदेशी महोत्सवात जाण्यासाठीही हा परवाना लागतो, आणि २०१८ मध्ये चित्रपटांचा कारभार थेट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेला. त्यानंतरच्याच वर्षी झांग यिमू यांचा सांस्कृतिक क्रांतीच्या काळातील कथा सांगणारा चित्रपट बर्लिन महोत्सवातून ऐनवेळी 'तांत्रिक कारणा'ने मागे घेण्यात आला. दीर्घकाळ मोकळा श्वास घेतलेल्या हाँगकाँगमध्येही २०२१ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून पूर्वी संमत झालेल्या चित्रपटांची मंजुरी रद्द करण्याचा अधिकार प्रशासनाला मिळाला आहे.