आशियातल्या विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी : अर्ज भरण्याआधी हे वाचा

भारतीय परवान्यावर जेट उडवणारे आणि आता आखातात, सिंगापुरात, व्हिएतनामला किंवा आणखी पूर्वेला नोकरी बघणारे वैमानिक, यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. घरच्यांनीही वाचायला हरकत नाही. आमच्याकडे पहिला फोन पुष्कळदा घरूनच येतो : "पगार एवढा सांगतायत, खरं असेल का हो?"

पगार बहुतेक वेळा खरा असतो. घोळ होतो तो बाकीच्या पानांत.

आधी आमच्याविषयी. आम्ही नोकरी लावून देत नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ती आमच्याकडे नाही आणि आम्ही ते काम घेतही नाही. आम्ही लॉगबुक (उड्डाणांच्या तासांची वही) जुळवतो, कागदपत्रांतली नावं सारखी करून देतो, साक्षांकनाच्या रांगा लावतो आणि कराराचा मसुदा तुमच्यासोबत बसून ओळ न् ओळ वाचतो.

कुणी यावं, कुणी थांबावं

गोंदिया, बारामती, धुळे इथून शिकून आलेली मुलं विचारतात, "२०० तासांचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आहे, इथे काही जमेना, बाहेर बघू का?" त्यांना आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो. परदेशी कंपनी बाहेरचा माणूस घेते ती तयार माणूस हवा म्हणून. नवशिक्यांसाठी त्यांच्याकडे त्यांच्याच देशातली मुलं रांगेत असतात. तुमच्याकडे एटीपीएल (विमान कंपनीच्या वैमानिकाचा वरचा परवाना), म्हणजे किमान १५०० तास, ए-३२० किंवा बी-७३७ सारख्या विमानाचं टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची पात्रता), त्या विमानावरचे भरपूर तास आणि अलीकडचं उड्डाण एवढं असेल तर बोलणं पुढे जातं. शेवटचं उड्डाण होऊन वर्ष उलटलं असेल तर बाकीचं सगळं चोख असूनही अर्ज बाजूला पडतो.

नोटीस पिरियड

हा मुद्दा मुलाखतीआधी बघा, नंतर नाही. डीजीसीए, म्हणजे भारताचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला (मुख्य वैमानिकाला) १२ महिने आणि को-पायलटला ६ महिने नोटीस द्यावी लागते. त्यावरून कोर्टकज्जे झाले आहेत, पण तेवढ्या भरवशावर तारीख ठरवू नका. आताच्या कंपनीने लवकर सोडायचं ठरवून ना-हरकत दिली तर मुदत कमी होते. तिकडची कंपनी मात्र "तीन महिन्यांत या" म्हणते. दोन्ही तारखा कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि तिकडे रुजू होण्याची तारीख लेखी पुढे ढकलून घ्या. नोटीस न देता कामावर जाणं बंद केलं तर प्रकरण डीजीसीएकडे जाऊ शकतं, आणि तुमच्या परवान्याची पडताळणी परदेशात पाठवणारं कार्यालयही तेच आहे.

नावांचा गोंधळ

आमचा निम्मा वेळ यात जातो. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा, आणि "दिलेलं नाव" या रकान्यात कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. परवान्यावर तिसरीच तऱ्हा. आपल्याला दिसतं की ही एकच स्नेहा पाटील आहे. अबूधाबीतल्या किंवा हनोईतल्या कारकुनाला ‘पाटील स्नेहा रमेश’, ‘स्नेहा रमेश पाटील’ आणि ‘स्नेहा पाटील’ या तीन बायका वाटू शकतात. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं आणि परवाना माहेरच्या नावाने राहिला असेल तर चौथी!

उपाय साधा आहे, पण वेळखाऊ. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरायचं आणि परवाना, वैद्यकीय दाखला, रेडिओचा परवाना त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचे. नाव खरोखर बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद लागते. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर सगळीकडे भागत नाही. हे सगळं व्हिसाचा अर्ज करण्याच्या आधी उरकायचं.

पदवी, विवाह दाखला वगैरे कागद आधी राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित होतात. देश हेग करारात (एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करणारा करार) असेल तर मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे तो शिक्का, पुरतं. सिंगापूर २०२१ पासून आणि सौदी अरेबिया २०२२ पासून त्यात आहे. संयुक्त अरब अमिरात त्यात नाही, म्हणून दुबईच्या कागदांना दूतावासाचा शिक्का वेगळा लागतो आणि वेळही जास्त जातो.

लॉगबुक

जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या मंत्र्यांनी संसदेत तिथल्या २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचं सांगितलं. लगोलग व्हिएतनामने आपल्याकडच्या पाकिस्तानी परवान्याच्या वैमानिकांना जमिनीवर बसवलं. ज्यांचा काही दोष नव्हता तेही त्यात भरडले. आपल्याकडेही २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांचं प्रकरण निघालं, अटका झाल्या आणि हजारो परवान्यांची फेरतपासणी झाली. तेव्हा तुमचा परवाना खरा आहे की नाही हे परदेशी प्राधिकरण तुम्हाला विचारत बसत नाही, थेट डीजीसीएला विचारतं. डीजीसीएच्या नोंदीतले तास आणि तुमच्या अर्जातले तास यांत फरक निघाला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

फरक बहुधा लबाडीचा नसतो, बेरजेचा असतो. एका पानाची खालची बेरीज आणि पुढच्या पानावर ‘पुढे आणलेला’ आकडा जुळत नाही, आणि ती चूक मग वर्षानुवर्षं पुढे सरकत राहते. परदेशी अर्जात तास दशांशात मागतात. २ तास ३५ मिनिटं म्हणजे २.३५ नव्हे, २.५८. अशा शेकडो उड्डाणांत किती फरक पडेल ते बघा. सिम्युलेटरचे तास एकूण उड्डाणात मिसळू नका. देखरेखीखाली केलेलं कमांड, म्हणजे पी-१ यू/एस, वेगळ्या रकान्यात दाखवा. ते निखळ कमांडमध्ये धरलेलं दिसलं की मुलाखत घेणाऱ्याच्या भुवया वर जातात. आणि व्हाइटनर लावू नका. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही.

परवाना तिकडे कसा चालतो

दोन रस्ते आहेत. व्हॅलिडेशनमध्ये तुमच्या भारतीय परवान्याला तिथलं प्राधिकरण ठराविक मुदतीसाठी मान्यता देतं. कन्व्हर्जनमध्ये तिथल्या परीक्षा, तिथली वैद्यकीय तपासणी आणि सिम्युलेटर चाचणी देऊन तिथला स्वतंत्र परवाना मिळतो. पहिलं भाड्याचं घर, दुसरं मालकीचं. व्हॅलिडेशन सहसा त्या नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की तेही जातं. कन्व्हर्जनला मेहनत लागते, पण त्याच देशात दुसरी कंपनी बघता येते. करारात यातलं कोणतं लिहिलंय आणि परीक्षेचा खर्च कुणाचा, हे विचारा.

इंग्रजीचा दाखला आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) चौथ्या पातळीचा तरी हवा, आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. सहावी पातळी असेल तर पुन्हा परीक्षा नाही. वैद्यकीय तपासणीत चीन आणि जपान काटेकोर म्हणून वैमानिकांत ओळखले जातात. इथे दाखला मिळाला म्हणून तिथे मिळेलच असं धरून घर आवरायला घेऊ नका. प्रवासी विमानाच्या दोन वैमानिकी कॉकपिटसाठी आयकाओची वयोमर्यादा ६५ आहे, त्यामुळे साठीनंतर पाच वर्षांचा करार समोर आला तर तारखा मोजा.

सिम्युलेटर चाचणीचं थोडक्यात : ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं वळवायचं ते पडद्यावर दाखवणारी खूण) बंद करून हाताने उडवायला लावतात आणि उड्डाणाच्या वेळी इंजिन बंद पाडतात. रोजच्या नोकरीत आपण बटणांवर उडतो, हे त्यांनाही माहीत असतं. दोन-तीन तास भाड्याचा सिम्युलेटर घेऊन सराव करा. या अख्ख्या प्रक्रियेतला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च तोच.

करार

यासाठी आम्ही एक अख्खी दुपार राखून ठेवतो.

पहिला प्रश्न : मालक कोण? काही कंपन्या वैमानिकाला थेट नोकरीवर घेतात, काही मध्यस्थ एजन्सीमार्फत. दुसऱ्या प्रकारात गणवेश कंपनीचा, पगार एजन्सीचा आणि एजन्सीची नोंदणी कुठल्या तरी तिसऱ्या देशात. पगार थकला तर दावा कुठल्या देशात लावायचा हे करारात एका ओळीत असतं, आणि तीच ओळ कुणी वाचत नाही.

दुसरा : मूळ वेतन किती? जाहिरातीतल्या आकड्यात घरभाडं, मुलांच्या शाळेचा भत्ता, उड्डाणभत्ता सगळं मिळवलेलं असतं. अमिरातीत पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या आणि पुढे ३० दिवसांच्या वेतनाची ग्रॅच्युइटी कायद्याने मिळते, पण ती मूळ वेतनावर. समजा एकूण ४०,००० दिरहम आणि मूळ २०,०००. मग वर्षाची ग्रॅच्युइटी १४,००० होते, २८,००० नाही. तसंच महिन्याला किती तासांचा पगार हमखास आणि त्यावरच्या तासांचा दर काय, हेही पाहा. मंदीच्या महिन्यात फक्त हमीचा आकडा हाती येतो.

तिसरा : बाँड. प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते आणि त्याबदल्यात काही वर्षं बांधून घेते. हे रास्त आहे. पण बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत अख्खी राहते? कंपनीनेच काढलं तर ती माफ होते का? यावर गुळमुळीत उत्तर आलं तर सही करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चौथा : काढून टाकण्याचं कलम. परदेशी वैमानिक मागणी असते तेव्हा पहिला येतो आणि मंदीत पहिला जातो. २०२० मध्ये आशियाभर असंख्य परदेशी वैमानिक बिनपगारी घरी बसले किंवा कामावरून गेले. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने त्या ऑक्टोबरमध्ये कॅथे ड्रॅगन ही कंपनीच बंद केली आणि उरलेल्यांपुढे कमी पगाराचे नवे करार ठेवले. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली तेव्हा आपले वैमानिक बाहेर पडले, त्यांतल्या जेटच्या काहींना वर्षभरात हा दुसरा फटका बसला. म्हणून नोटीस किती दिवसांची, परतीचं तिकीट आणि सामानाचा खर्च कुणाचा, आणि आजारपणाने परवाना गेला तर विमा आहे का, हे लेखी हवं.

‘कम्यूटिंग’ करारात, उदाहरणार्थ २० दिवस काम आणि १० दिवस घरी, प्रवासाचे दिवस कुणाच्या खात्यात धरतात ते बघा. दहातले दोन विमानात आणि विमानतळावर गेले तर घरी आठच. पहिल्या वर्षी गणपतीला नक्की येतो असं आईला सांगू नका. नव्या माणसाला सुट्टी सगळ्यांत शेवटी मिळते.

कर

सल्ला सनदी लेखापालाचाच घ्या. आम्ही फक्त दोन गोष्टी सांगतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असला तर तो अनिवासी ठरतो. डिसेंबरात गेलात तर त्या मार्चपर्यंत तुम्ही निवासीच, आणि दुबईचा पगारही इथल्या हिशेबात येतो. फ्लाइट घेऊन मुंबईत मुक्काम केलात तर तो दिवसही मोजा. शिवाय भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर अमिरातीसारख्या आयकर नसलेल्या देशात राहणाऱ्या भारतीय नागरिकासाठी निराळा नियम आहे. ठाण्याचा फ्लॅट, दुकानाचं भाडं, शेअर हे सगळं लेखापालाला आधीच दाखवा.

पैसे मागितले तर

विमान कंपनी मुलाखतीचे, ‘फाइल उघडण्याचे’ किंवा व्हिसाच्या ‘परत मिळणाऱ्या अनामती’चे पैसे घेत नाही. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा, त्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. फक्त व्हॉट्सॲपवर मुलाखत, सिम्युलेटर चाचणी नाही आणि दोन दिवसांत नेमणूकपत्र, असं झालं तर ते पत्र आमच्याकडे पाठवा. नुसतं पत्र बघून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.

परतीची सोय

भारतीय परवाना मरू देऊ नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सीपीएल आणि एटीपीएलची मुदत दहा वर्षांची झाली, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण रेटिंग आणि वैद्यकीय दाखला चालू नसेल तर नुसत्या परवान्यावर इथे उडता येत नाही. सुट्टीवर आलात की डीजीसीएची वैद्यकीय तपासणी करून जा. इथे कमांडर असाल आणि तिकडे को-पायलट म्हणून जात असाल, तर परत आल्यावर कमांड लगेच मिळेल असं गृहीत धरू नका.

पहिल्या भेटीला काय आणाल

पासपोर्ट, परवाना, वैद्यकीय दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, लॉगबुकची शेवटची वीस पानं, आताच्या नोकरीचं नेमणूकपत्र बाँडच्या कागदासह आणि परदेशातून काही आलं असेल तर ते. छायाप्रती चालतील. मूळ कागद ताडून पाहतो आणि तिथल्या तिथे परत देतो. साक्षांकनासाठी मूळ कागद ठेवावा लागला तर त्याची सही-शिक्क्याची पोच मागून घ्या. शुल्क कामागणिक आहे, आधी लेखी सांगतो, आणि नोकरी लागण्या न लागण्याशी त्याचा संबंध नाही.