आडवाटेनं जाणारं रक्त: सिरोसिसच्या तपासण्यांची पार्श्वभूमी

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाऊण हिस्सा आतडी आणि प्लीहेकडून पोर्टल शिरेतून येतो. सिरोसिसमध्ये यकृत गाठाळ, टणक होतं, ही वाट अडते, पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त आडवाटेला लागतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात त्या यामुळेच. आर्चिबाल्ड मॅकइंडो यांनी १९२८ मध्ये शवविच्छेदनातल्या यकृतांच्या रक्तवाहिन्यांत द्रव्य भरून हे दाखवलं होतं. (हेच मॅकइंडो पुढे दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांवरच्या प्लास्टिक सर्जरीसाठी गाजले.)

जिवंत रुग्णात हा दाब मोजण्याची वाट १९५१ मध्ये मायर्स आणि टेलर यांनी दाखवली: कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत अडकेपर्यंत सरकवायचा आणि तिथला दाब वाचायचा. त्यातून मोकळ्या शिरेतला दाब वजा केला की दाबातला फरक मिळतो. निरोगी माणसात तो पाऱ्याच्या ५ मिमीपर्यंत असतो, १० पासून गुंतागुंतीची भीती, १२ पासून रक्तस्रावाची. आकडा भरवशाचा, पण दर सहा महिन्यांनी कोणाच्या मानेतून कॅथेटर घालणार?

म्हणून आडून अंदाज घेणं सुरू झालं. त्यातली मला सर्वात चतुर वाटते ती गुदद्वारातून किरणोत्सारी द्रव्य देण्याची युक्ती. मोठ्या आतड्याच्या त्या भागातलं रक्त पोर्टल शिरेकडे जातं, त्यामुळे निरोगी माणसात पडद्यावर आधी यकृत उजळतं. आडवाटा उघडलेल्या असतील तर यकृताला वळसा पडतो आणि हृदयही लगेच उजळतं. रोजच्या वापरात मात्र ती रुळली नाही.

डॉप्लर सोनोग्राफी रुळली. पोर्टल शीर किती रुंद, रक्ताचा वेग किती, प्रवाह उलटा तर नाही ना, हे खाटेशेजारीच कळू लागलं. प्रवाह उलटा दिसला तर शंकेला जागा उरत नाही; वेगाचा आकडा मात्र प्रोबचा कोन, श्वास आणि नुकतंच झालेलं जेवण यांनी हलतो.

फायब्रोस्कॅन २००३ च्या सुमारास आला आणि प्रश्नच बदलला. बरगड्यांमधून एक हलकी टिचकी बसते, तिची लहर यकृतातून किती वेगानं जाते ते यंत्र मोजतं; यकृत जितकं ताठर तितका वेग जास्त. म्हणजे इथे ना दाब मोजला जातो, ना प्रवाह. तरीही इटलीतल्या बावेनो गावाच्या नावानं चालणाऱ्या तज्ज्ञ-परिषदांनी या आकड्याला मान दिला. २०१५ मध्ये ठरलं, की ताठरता २० किलोपास्कलच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखांच्या वर असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा शोधण्यासाठीची एन्डोस्कोपी टाळता येते. २०२१ मध्ये पुढची पायरी: १५ पर्यंत ताठरता आणि प्लेटलेट किमान दीड लाख, तर धोकादायक पोर्टल दाब बहुधा नाही; २५ किंवा अधिक असेल तर बहुतेक प्रकारच्या सिरोसिसमध्ये तो आहेच असं धरायचं.

मधल्यांसाठी आता प्लीहेची ताठरता मोजतात. तीही निर्णायक निघाली नाही, तर पुन्हा १९५१ चा कॅथेटर.