स्की वजनाने घसरत नाही

"स्की जड कर, वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि मगच ती घसरते." बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये घरची स्की, म्हणजे पायाला बांधून बर्फावर घसरायची लांब पट्टी, करायला घेतल्यापासून हे सतत ऐकतोय. लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीमुळे इथे बर्फावर राहून आलेली माणसं भेटतात, विषय निघतोच. एकाने तर सागवानाची फळी सुचवली.

हिशेब करून बघा. ७० किलोचा माणूस, १७० सेंटीमीटर लांब, ८ सेंटीमीटर रुंद अशा दोन पट्ट्या. दाब येतो चौरस सेंटीमीटरला जेमतेम २६ ग्रॅम. बर्फाचा वितळणबिंदू १ अंशाने उतरवायला सुमारे १३५ वातावरणांचा दाब लागतो, आणि एक वातावरण म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो! बर्फाचे कण टोकांवरच टेकतात, तिथे दाब वाढतो हे खरं; पण उणे १० अंशांवर वितळण्याआधी ती टोकं चिरडतात.

खरं काम घर्षणाच्या उष्णतेचं. तिने पाण्याचा अतिपातळ थर बनतो. बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्येच हे प्रयोगांनी मांडलं. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू मुळातच सैल असतात.

म्हणून मेहनत तळावर घ्या: पॉलिथिलीनचा तळ, नीट खरवडलेला, त्यावर मेण. गाभा हलका आणि लवचिक हवा. मी बांबूच्या पट्ट्या चिकटवतो, मध्ये ११ मिलीमीटर, टोकांकडे २, वर-खाली फायबरग्लास आणि इपॉक्सी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बांबू दमट राहतो, तेव्हा पुरता वाळवल्याशिवाय इपॉक्सीचा डबा उघडूच नका.