लक्ष नाही, की कॅरेक्टरमध्ये नाही? मोठ्या टेबलावरची गल्लत

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. त्याच्या टेबलावर सात-आठ जण बसले की डीएमची, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या आणि बाकीची सगळी पात्रं वठवणाऱ्या डन्जन मास्टरची, एक तक्रार ठरलेली: "कोणी कॅरेक्टरमध्ये राहतच नाही." नीट विचारलं तर कळतं, की लोक मोबाइल बघतात आणि आपली टर्न आली की "आत्ता काय झालं?" म्हणतात. हे कॅरेक्टरचं दुखणं नाही, लक्षाचं आहे.

विझार्ड (जादूगार) खेळणारी विचारते, "फायरबॉलची (आगीच्या गोळ्याच्या मंत्राची) त्रिज्या २० फूट ना? मग आपला क्लेरिक (पुजारी) त्यात सापडेल का?" या क्षणी ती भूमिकेबाहेर आहे, पण जीव खेळातच अडकलाय. तिला "कॅरेक्टरमध्ये बोल" म्हणून टोकलंत, तर टेबलावरचा सगळ्यांत सावध माणूस गमवाल.

उलट प्रकार माझ्याच टेबलावर झाला. ड्वार्फ (दाढीवाला बुटका) खेळणारा मित्र लोहाराशी कुऱ्हाडीचा भाव करत होता. घोगरा आवाज, नसलेली दाढी कुरवाळणं, सगळं झकास. लोहार मी, त्यामुळे मीही रंगलो. वीस मिनिटांनी मान वर केली तर दोघं मोबाइलमध्ये आणि तिसरा सहा बाजूंचे फासे एकावर एक रचत बसलेला. सातवा मजला चालू होता. अभिनय अव्वल होता, पण टेबल हातातून गेलं होतं.

कॅरेक्टरमध्ये असणं म्हणजे आवाज काढणंही नव्हे. खेळाच्या नियमपुस्तकात, २०१४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये, दोन्ही रीती दिल्या आहेत: पात्राच्या तोंडून बोलणं, आणि पात्र काय करतं ते सांगणं. "माझी बार्ड (गाणारी भाट) काही न बोलता पैसे टेबलावर आपटते" हेही पूर्ण भूमिकेतलंच. लाजाळू खेळाडूला हे एकदा मोकळेपणाने सांगाच. भूमिका खुलते ती प्रश्नांनी. "काय करतोस?" एवढ्यावर थांबू नका. "या देवळातला धुराचा वास तुझ्या क्लेरिकला ओळखीचा वाटतो का?" असं विचारा.

लक्षाचं गणित मात्र साधं आणि निर्दय आहे. आठ खेळाडू, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे लढाईच्या एका फेरीला १६ मिनिटं. राक्षसांचा वेळ वेगळाच. खेळातल्या गोष्टीत तीच फेरी असते ६ सेकंदांची! १९७४च्या मूळ पुस्तिकांत एका कॅम्पेनला (अनेक बैठकी चालणाऱ्या मोहिमेला) ४ ते ५० खेळाडू चालतील असं म्हटलं होतं, पण तेव्हा गटाचा बेत रेफरीला (तेव्हाच्या डीएमला) सांगायला एक 'कॉलर' असायचा. मोठ्या गटात प्रवास, दारं, पहारा यांसाठी ही रीत मला आजही फार मोलाची वाटते. लढाईत इनिशिएटिव्हचा (कोणाची टर्न कधी याचा) क्रम सगळ्यांना दिसेल असा लावा आणि एकाची टर्न चालू असतानाच पुढच्याला सांगा, "यानंतर तू."

पुढच्या सेशनला ड्वार्फ पुन्हा लोहाराकडे गेला. तीनेक मिनिटांनी, लोहार किंमत सांगणार तेवढ्यात, मी प्रसंग तिथेच सोडला आणि विचारलं, "बाहेर घोड्यांपाशी कोण थांबलंय? गल्लीच्या टोकाला दोन पहारेकरी दिसतायत." फासे रचणाऱ्याने हातातला फासा खाली ठेवला. "मी थांबलोय. किती लांब आहेत?"